जुनी पिक-अप गाडी ओढत का नाही?

शेतमाल बाजारात वेळेवर पोहोचावा यासाठी पुष्कळ शेतकऱ्यांनी स्वतःची अथवा भागीदारीतील पिक-अप गाडी घेतलेली आढळते. नवी गाडी घेण्याची ऐपत सर्वांनाच नसते. म्हणून आठ-दहा वर्षे वापरलेली, दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातची डिझेल गाडी घेण्याकडे अनेकांचा कल असतो. या व्यवहारात गैर काही नाही. तथापि अशा गाडीविषयी थोड्याच दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते. गाडी सुरू होते, चालते, पण ओढत नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी ती वेग धरावयास फार वेळ घेते, आणि भरलेली असता चढावर दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही.

रत्नागिरीकडील आंबा कोल्हापूरच्या बाजारात नेणाऱ्यास साखरप्यानंतर आंबा घाट चढावाच लागतो. तेथे गाडी तासभर मागे पडली आणि सकाळचा लिलाव चुकला, तर माल मिळेल त्या भावाने द्यावा लागतो किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावा लागतो. भाजीपाल्याच्या बाबतीत ठेवण्याची सोय बहुधा नसतेच. मग गाडी गॅरेजमध्ये जाते आणि पुष्कळदा तेथे ‘इंजिन खोलावे लागेल’ असे सांगितले जाते. हा खर्च एवढा मोठा असतो की, त्यासाठी शेतकऱ्यास कर्ज काढावे लागते. प्रत्यक्षात ओढ कमी होण्याची बरीचशी कारणे इंजिनाच्या बाहेर असतात, आणि त्यांतील अनेक कारणे शेतकऱ्यास स्वतः पाहता येतात. इंजिन खोलणे ही तपासणीची शेवटची पायरी आहे. तिच्या आधीच्या पायऱ्या कोणत्या आणि त्या कोणत्या क्रमाने चढाव्यात, हे या लेखात सांगावयाचे आहे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे गाडीच्या या जातीलाही पिक-अप म्हणतात आणि वेग धरण्याच्या गुणालाही पिकअपच म्हणतात. घोटाळा टळावा म्हणून पुढे त्या गुणाला ‘ओढ’ म्हटले आहे.

प्रथम तक्रार नीट ऐकून घ्यावी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याकडे असा शेतकरी आला असता त्याने बॉनेट उघडण्यापूर्वी त्याला चार प्रश्न विचारावेत. ओढ एकाएकी गेली की हळूहळू कमी होत गेली? रिकाम्या गाडीतही जाणवते की भरल्यावरच? गाडी सुरू करताच जाणवते की काही अंतर गेल्यावर? आणि त्याआधी गाडीचे कोणते काम झाले होते?

या प्रश्नांच्या उत्तरांवरून अर्धा शोध लागतो. ओढ एकाएकी गेली असल्यास एखादा रबरी पाइप सुटला किंवा फाटला, ॲक्सिलरेटरची केबल सैल झाली, डिझेलात पाणी आले, अशा कारणांचा संशय घ्यावा. हळूहळू गेली असल्यास गाळण्या चोंदणे, क्लच प्लेट झिजणे, काजळी साचणे, इंजिनाची झीज होणे, यांकडे लक्ष द्यावे. दुरुस्तीनंतर लगेच गेली असल्यास त्याच दुरुस्तीत काही जोडावयाचे राहिले काय, हे पाहावे. टायमिंगचा पट्टा बदलताना एक दाता इकडचा तिकडे झाला तरी इंजिन सुरू होते, पण जोर धरीत नाही.

दुसऱ्या हातच्या गाडीत अडचण अशी की, मालकास गाडीचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो. ‘घेतली तेव्हापासून अशीच आहे’ हे उत्तर वारंवार मिळते. अशा वेळी त्याच जातीची, चांगली चालणारी एखादी गाडी गावात असल्यास ती त्याच चढावर, तेवढाच माल घालून चालवून पाहावी. कधी कधी दोन्ही सारख्याच चालतात आणि दोष गाडीत नसून अपेक्षेत आहे असे ध्यानात येते. साठ-पासष्ट अश्वशक्तीच्या इंजिनाकडून फार मोठी अपेक्षा करता येत नाही.

इंजिन दुबळे आहे की गाडी जड झाली आहे?

हा प्रश्न सर्वांत आधी निकालात काढावा, कारण त्याला पैसा लागत नाही. इंजिन पूर्ण जोर देत असूनही तो जोर वाटेत खर्च होत असेल, तर इंजिनावर कितीही खर्च केला तरी उपयोग होणार नाही.

ओझ्यापासून आरंभ करावा. नोंदणी पुस्तकात गाडीचे रिकामे वजन आणि मालासह कमाल वजन दिलेले असते. या दोहोंतील फरक एवढाच माल, माणसे धरून, घालावयाचा असतो. समजा हा फरक १,२०० किलो आहे. २० किलोचे ५५ क्रेट आणि दोन माणसे झाली की ही मर्यादा जवळजवळ संपते. प्रत्यक्षात शंभर क्रेट रचलेल्या गाड्या रस्त्यावर दिसतात. दर २० मीटर वाटचालीस १ मीटर उंच चढणाऱ्या रस्त्यावर गाडी वर नेण्यासाठी तिच्या एकूण वजनाच्या विसाव्या हिश्शाइतकी ओढ जास्त लागते. २,८०० किलोच्या गाडीस ती १४० किलो होते, तर ३,७०० किलोच्या गाडीस १८५ किलो. म्हणजे जादा ओझ्याची गाडी त्या चढावर मागे पडली तर तो इंजिनाचा दोष म्हणता येणार नाही. शिवाय अशा गाडीचे ब्रेक उतारावर पुरे पडत नाहीत.

मागील मालकाने मोठ्या व्यासाचे टायर घातले असतील तर तेही पाहावे. चाक मोठे झाले म्हणजे प्रत्येक फेऱ्यात गाडी अधिक अंतर जाते आणि तेवढीच तिची ओढ कमी होते. टायरमधील हवा कमी असणे हे तर नेहमीचेच कारण होय. हवा गाडी थंड असताना, मापकाने तपासावी. टायर लाथेने ठोकून अंदाज करू नये.

यानंतर रेटून पाहण्याची कसोटी घ्यावी. रिकामी गाडी सपाट व कठीण जमिनीवर आणून इंजिन बंद करावे, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि हँडब्रेक सोडावा. चालकाच्या जागेवर जाणता माणूस बसलेला असावा. इंजिन बंद असता ब्रेक फार जोराने दाबावा लागतो, हे त्याला आधी सांगावे. जरासाही उतार असेल तर ही कसोटी तेथे घेऊ नये. दोन सशक्त माणसांनी मागून रेटल्यास गाडी सरकली पाहिजे आणि रेटणे थांबविल्यावर थोडी पुढे जाऊन थांबली पाहिजे. ती जागची हलत नसेल किंवा लगेच अडत असेल, तर ब्रेक धरून राहत आहेत किंवा चाकाचे बेअरिंग खराब झाले आहे असे समजावे.

कोणते चाक अडते हे ओळखण्यासाठी दहा किलोमीटर गाडी शक्य तितका कमी ब्रेक वापरून चालवावी व थांबताच प्रत्येक चाकाच्या मध्यभागाजवळ हाताची मागची बाजू न्यावी. हात टेकवू नये, भाजण्याचा संभव असतो. एक चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे तापलेले असल्यास दोष तेथे आहे. मागील चाकांत बहुधा हँडब्रेकची केबल गंजून अडकलेली असते, पुढील चाकांत डिस्कचा पकडा आपल्या पिनेवर सरकत नाही. हा दोष केवळ डिझेल खातो असे नाही. सतत घासणाऱ्या ब्रेकमुळे ब्रेक ऑइल तापून उकळते आणि घाट उतरताना ब्रेकचा पायदांडा एकाएकी पोकळ लागतो. म्हणून असे चाक आढळल्यास गाडी भरून बाहेर काढू नये. आधी दुरुस्ती करावी.

क्लचची परीक्षाही सोपी आहे. मोकळ्या सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरच्या सुमारास गाडी असता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनाचा आवाज चढला, पण गाडीचा वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरत आहे. चढ चढल्यानंतर जळका वास येणे हेही त्याचेच लक्षण होय. मात्र नवी क्लच प्लेट घालण्यापूर्वी पायदांड्याला थोडी मोकळी हालचाल आहे काय, हे तपासून घ्यावे. केबलच्या क्लचमध्ये ती हालचाल उरली नसेल तर चांगली प्लेटही घसरते, आणि केबल सैल करून काम भागते. चालकाचा डावा पाय सदैव क्लचवर टेकलेला असेल तर नवी प्लेटही लवकरच जाईल. ही सवय पुष्कळांना असते आणि ती त्यांना स्वतःला जाणवत नाही.

धूर काय सांगतो

वरील तपासणीत दोष सापडला नाही म्हणजे इंजिनाकडे वळावे. त्याची प्रकृती धुरावरून कळते. एका माणसाने गाडी भरून चढावर चालवावी आणि दुसऱ्याने मागील वाहनातून सुरक्षित अंतरावरून धूर पाहावा. उभ्या गाडीचा धूर पाहून फारसे कळत नाही.

ओढ नाही आणि धूर काळा व दाट आहे, याचा अर्थ डिझेल पोहोचते पण त्याला पुरेशी हवा मिळत नाही, किंवा नोझलमधून ते नीट फवारले जात नाही. ओढ नाही आणि धूरही नाही, याचा अर्थ डिझेलच कमी पोहोचत आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. पांढरा धूर थंड इंजिनात थोडा वेळ निघणे नवल नाही. इंजिन तापल्यावरही तो निघत राहिला व रेडिएटरमधील पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा आणि अशी गाडी पुढे चालवू नये. या चार लक्षणांपैकी पहिली दोन ओढीच्या तक्रारीत वारंवार भेटतात, म्हणून त्यांचा विचार सविस्तर करू.

काळा धूर: हवेची वाट पाहावी

डिझेल इंजिन किती हवा घेते याची कल्पना सहसा नसते. १ लिटर डिझेल पूर्णपणे जळण्यास सुमारे १२ किलो, म्हणजे सुमारे १०,००० लिटर हवा किमान लागते. २०० लिटरची ५० पिंपे भरावीत एवढी ही हवा झाली. लिटरला १२ किलोमीटर जाणारी गाडी प्रत्येक १२ किलोमीटरला निदान एवढी हवा कागदी गाळणीतून ओढून घेते. आपल्याकडील कच्च्या रस्त्यांवरील धूळ, मळणीच्या दिवसांतील भुसा आणि उसाच्या वाहतुकीचा फुफाटा लक्षात घेता, पुस्तकात दिलेल्या मुदतीच्या बरेच आधी गाळणी चोंदते, यात आश्चर्य नाही.

गाळणी काढून उजेडाकडे धरावी. उजेड आरपार दिसत नसेल तर ती बदलावी. कागदी गाळणी पाण्याने अगर डिझेलने धुऊ नये. हवेने साफ करावयाची झाल्यास स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे, हलक्या दाबाने हवा मारावी; टायरच्या दुकानातील पूर्ण दाबाची हवा कागद फाडते, आणि फाटलेली गाळणी चोंदलेल्या गाळणीपेक्षा अधिक घातक असते. ‘गाळणी काढली की गाडी चांगली पळते’ म्हणून ती काढून ठेवणारे चालक आढळतात. त्यांच्या इंजिनातील पिस्टन रिंगा धुळीने झिजतात, आणि मग इंजिन खरोखरच खोलावे लागते.

आमच्या पाहण्यातील एक उदाहरण येथे देण्याजोगे आहे. एका कांदा उत्पादक शेतकऱ्याने उन्हाळी कांदा चाळीत भरल्यावर आपली जुनी गाडी दोन-अडीच महिने चाळीलगत उभी ठेवली होती. पावसाळ्यात कांदा बाजारात न्यावयास निघाला तेव्हा गाडी काळा धूर ओकू लागली आणि भरल्या वजनाने गावाबाहेरचा चढही चढेना. गॅरेजमध्ये इंजिन खोलण्याचा सल्ला मिळाला. घरातील दागिना गहाण ठेवण्याचे ठरलेही होते. कोणीतरी सहज गाळणीचा डबा उघडला तेव्हा आत उंदराने कांद्याची साले आणि गोणपाटाचे धागे यांचे घरटे केलेले निघाले; गाळणीचा कागदही एका बाजूने कुरतडलेला होता. डबा व पुढील पाइप स्वच्छ करून नवी गाळणी घातली तेव्हा ओढ पुष्कळशी परत आली. पुष्कळशी असे म्हणण्याचे कारण, तत्पूर्वी दुसऱ्या एका मेस्त्रीने ओढ वाढावी म्हणून पंपावर डिझेल वाढवून ठेवले होते. ते मूळ मापावर आणीपर्यंत धूर थांबला नाही. उभ्या राहिलेल्या गाडीचा गाळणीचा डबा हंगामापूर्वी उघडून पाहावा, ही गोष्ट त्या गावात आता सर्वांना ठाऊक झाली आहे.

गाळणीनंतर टर्बोकडे यावे. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा हा पंखा इंजिनात अधिक हवा कोंबतो. त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. टर्बोपासून इंजिनापर्यंत हवा नेणारे रबरी पाइप व त्यांच्या पट्ट्या प्रथम तपासाव्यात. पाइपाच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूस चीर पडलेली असते. तेथे तेलकट काळा डाग आढळतो आणि जोर देताना फुसफुस ऐकू येते. पट्टी आवळणे किंवा पाइप बदलणे एवढ्यावर पुष्कळ गाड्या सुधारतात. काही गाड्यांत टर्बोच्या झडपेस जाणारी करंगळीहूनही बारीक रबरी नळी असते. ती कडक होऊन तडकते आणि सबंध टर्बो खराब झाल्याचा भास होतो.

टर्बो खरोखरच खराब झाला आहे काय हे पाहण्यासाठी, इंजिन बंद व थंड असताना त्याचा हवेकडील पाइप काढून पंख्याचा दांडा बोटांनी हलवावा. तो सहज फिरला पाहिजे. किंचित हालचाल स्वाभाविक असते, परंतु पंख्याची पाती भोवतालच्या कडेस घासत असतील तर टर्बो गेला असे समजावे. इंजिन चालू असताना त्या तोंडाजवळ हात किंवा कापड कधीही नेऊ नये. टर्बोला तेलाचाच आधार असतो. म्हणून ऑइल वेळेवर बदलावे, आणि घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता एक-दोन मिनिटे संथ चालू द्यावे.

बाहेर पडणारी वाटही मोकळी पाहिजे. सायलेन्सर दगडावर आपटून चेपला असेल, किंवा त्यातील आतला पत्रा सुटून आडवा झाला असेल, तर इंजिनास उच्छ्वास सोडता येत नाही. जळलेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात घेणारी ईजीआर नावाची झडप असलेल्या गाड्यांत ती काजळीने उघडीच अडकून बसते. ती काढून स्वच्छ करता येते. ती पत्रा लावून कायमची बंद करणे हा उपाय गॅरेजमध्ये सुचविला जातो. परंतु ती झडप प्रदूषण कमी करण्यासाठी बसविलेली असते आणि तिला निकामी करणे नियमाविरुद्ध आहे.

धूर नाही आणि ओढही नाही: डिझेलची वाट पाहावी

येथे पहिली तपासणी हास्यास्पद वाटेल इतकी साधी आहे. ॲक्सिलरेटरच्या पायदांड्याखाली पाहावे. मागील मालकाने घातलेल्या जाड रबरी चटईवर दुसरी चटई पडलेली असते आणि पायदांडा पूर्ण खाली जातच नाही. केबलच्या गाडीत एकाने पायदांडा पूर्ण दाबून धरावा व दुसऱ्याने, इंजिन बंद असताना, पंपावरील दांडी आपल्या शेवटच्या टोकास टेकते काय ते पाहावे. टेकत नसेल तर केबल ओढून घ्यावी.

यानंतर डिझेल फिल्टर. त्याच्या तळाशी पाणी सोडण्याचा स्क्रू असतो. तो सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि अर्धा तास स्थिर ठेवावे. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी वेगळे दिसते. गाळ असल्यास तोही बसतो. शेतावर पिंपात किंवा कॅनमध्ये साठविलेले डिझेल वापरणाऱ्यांच्या गाडीत हा दोष विशेष आढळतो. फिल्टर बदलल्यावर काही दिवसांतच तो पुन्हा चोंदला, तर टाकी उतरवून स्वच्छ केल्यावाचून गत्यंतर नाही. टाकीच्या आत नळीच्या तोंडावर जाळी असल्यास तीही त्याच वेळी पाहावी.

गाडी आरंभी चांगली चालते, वीस-पंचवीस किलोमीटरनंतर दम टाकते, आणि थोडे थांबल्यावर पुन्हा चालू लागते, अशी तक्रार असल्यास टाकीचे झाकण उघडून पाहावे. उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुधारली, तर टाकीत हवा जाण्याची वाट मातीने बुजली आहे. डिझेल निघून जाते, पण त्याची जागा घेण्यास हवा आत येत नाही, म्हणून पुढे डिझेल येणे थांबते.

टाकी ते पंप या वाटेत एखादा सांधा सैल असेल तर तेथून डिझेल गळतेच असे नाही. ओढीमुळे बाहेरची हवा आत शिरते. पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता जोडल्यास त्यात बुडबुडे दिसतात. नळ्यांचे जुने सांधे आणि तांब्याचे वॉशर बदलणे हे थोड्या पैशांचे काम आहे.

पंप आणि नोझल मात्र घरी उघडू नयेत. नोझलची फवारणी व पंपाचे माप यंत्रावर तपासणाऱ्या दुकानातच ही कामे करावीत. येथे एका धोक्याची सूचना स्पष्टपणे दिली पाहिजे. जुन्या मेस्त्रींची रीत अशी असे की, चालू इंजिनात एकेका नोझलच्या नळीचे नट सैल करून कोणता सिलिंडर काम करीत नाही ते ओळखावयाचे. कॉमन रेल पद्धतीच्या गाडीत ही रीत प्राणघातक ठरू शकते. त्यांच्या नळ्यांत डिझेलचा दाब वातावरणाच्या हजारपटीहूनही अधिक जातो. सुईएवढी धार कातडी भेदून हातात शिरते. जखम लहान दिसली तरी ताबडतोब रुग्णालयात जावे लागते, आणि उशीर झाल्यास हात गमावण्याची वेळ येते.

‘पंप वाढविणे’

काळ्या धुराच्या गाडीत वारंवार केला जाणारा उपचार म्हणजे पंपाचा स्क्रू फिरवून डिझेलचे प्रमाण वाढविणे. पहिल्या फेरीत गाडी सुधारल्यासारखी वाटते, म्हणून मालक समाधानी होतो. परंतु हवा मुळात कमी असताना डिझेल वाढविणे म्हणजे ओल्या सरपणाच्या धुरकट चुलीत आणखी लाकडे कोंबणे होय. जादा डिझेल अर्धवट जळते, काजळी ऑइलमध्ये उतरते, धुराचे तापमान वाढते, आणि लांब चढावर पिस्टनचा माथा व टर्बो दोन्ही धोक्यात येतात. प्रदूषणाच्या तपासणीतही अशी गाडी उतरत नाही. जुनी गाडी विकत घेताना पंपावरील सील तुटलेले आहे काय हे अवश्य पाहावे. तुटलेले असल्यास कोणीतरी आपल्या आधी हा प्रयोग केलेला आहे, असे धरून चालावे.

सूचक दिवा आणि स्कॅनर

भारत स्टेज-४ हे प्रमाण १ एप्रिल २०१७ पासून आणि भारत स्टेज-६ हे १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. या काळातील गाड्यांत इंजिनाचा कारभार बव्हंशी संगणकाकडे असतो. हवेचे माप, टर्बोचा दाब किंवा ॲक्सिलरेटरची स्थिती सांगणारा एखादा सेन्सर बिघडला, तर संगणक इंजिनास इजा होऊ नये म्हणून मुद्दाम त्याचा जोर आखडता घेतो. गाडी ठराविक फेऱ्यांच्या वर जात नाही आणि इंजिनाचा सूचक दिवा लागतो. अशा गाडीला स्कॅनर लावून दोषाचा क्रमांक वाचून घ्यावा व कागदावर लिहून ठेवावा. क्रमांक पुसून टाकणे म्हणजे दुरुस्ती होत नाही, आणि क्रमांकात ज्या सेन्सरचे नाव आले तोच बदलला पाहिजे असेही नाही. टर्बोचा दाब कमी असल्याची खूण फाटलेल्या पाइपामुळेही उमटते.

विकत घेताना एक खबरदारी घ्यावी. किल्ली फिरविताच, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल तर विक्री करणाऱ्याने तो काढून टाकलेला असण्याचा संभव आहे. भारत स्टेज-६ च्या गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी गाळणीही सामान्यतः असते. गाडी नेहमी दोन-चार किलोमीटरच्याच फेऱ्या मारीत असेल तर ही गाळणी स्वतः स्वच्छ होण्याइतकी तापत नाही आणि चोंदते.

इंजिन केव्हा खोलावे

वरील सर्व गोष्टी ठीक असूनही ओढ नसेल, तेव्हाच इंजिनाच्या आत पाहण्याची वेळ येते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा १६ ते २२ पट दाबली गेल्यामुळे इतकी तापते की, तीत शिरलेले डिझेल आपोआप पेटते. रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसले तर हा दाब निसटतो. अशी गाडी सकाळी सुरू होण्यास त्रास देते, ऑइल खाते, आणि इंजिन तापल्यावर ऑइल भरण्याचे झाकण काढले असता तेथून धुराचे झोत निघतात.

तरीही लगेच खोलावयास सांगू नये. टॅपेटचे अंतर मापून घ्यावे, कारण ते कमी झाल्यानेही दाब निसटतो. त्यानंतर प्रत्येक सिलिंडरचा कॉम्प्रेशन दाब मापकाने मोजण्याचा आग्रह धरावा आणि आकडे आपल्या समोर लिहून घ्यावेत. सर्व आकडे उत्पादकाच्या पुस्तकातील मर्यादेत व परस्परांच्या जवळ असतील, तर इंजिन खोलण्यास कारण उरत नाही. एकच आकडा फार खाली असेल तर दोष त्या सिलिंडरपुरता आहे. सगळेच खाली असतील तर मात्र खर्चाची तयारी ठेवावी. आणि त्या वेळी इंजिनावर खर्च करावा की गाडीच मोडीत काढावी, याचा हिशेब आधी घरी करावा.

दुरुस्तीनंतर गाडी त्याच चढावर, तेवढेच ओझे घालून, पुन्हा चालवून पाहावी. कोणता गिअर लागला, चढ संपण्यास किती मिनिटे लागली आणि धुराचा रंग कसा होता, हे वहीत तारखेसह लिहावे. नव्याने आवळलेल्या हवेच्या व डिझेलच्या पाइपांच्या पट्ट्या शंभर किलोमीटर झाल्यावर, इंजिन थंड असताना, आणखी एकदा आवळून घ्याव्यात.